नाल्यात बुडालेला माणूस, काठावर उरलेले कागद

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

वर्ध्याहून नागपूरला एस.टी.ने जाताना बुटीबोरी आली की मी खिडकीकडे सरकतो. बाहेर पाहण्यासारखे काही नसते. कारखान्यांची पत्र्याची छपरे, रांगेत उभे ट्रक, चहाच्या टपऱ्या. शेजारच्या प्रवाशाला वाटते, काकांना उतरायचे आहे. मला उतरायचे नसते. याच बोरीच्या परिसरात, टाकळघाटहून येणाऱ्या वाटेवरच्या एका नाल्यात, ४ सप्टेंबर १८६३ च्या संध्याकाळी एक स्कॉटिश पाद्री बुडून मेला. त्याचे नाव स्टीफन हिस्लॉप. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आपल्या सगळ्यांच्या ऐकण्यात आहे. माणूस मात्र कॉलेजच्या नावामागे दडून गेला आहे.

हिस्लॉपचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. म्हणजे सेहेचाळिसाव्या वाढदिवसाला चार दिवस उरले होते. १८४५ मध्ये तो नागपूरला आला, तेव्हा इथे भोसल्यांचे राज्य होते. आला धर्मप्रसारासाठी, पण त्याचा निम्मा जीव दगडांत होता. शाळा काढली, प्रवचने केली, आणि उरलेल्या वेळात खिशात हातोडी घालून रानोमाळ हिंडला. त्याच्याबरोबर रॉबर्ट हंटर नावाचा दुसरा पाद्री असे. दोघांनी मिळून नागपूर परिसरातले खडक आणि त्यांतले जीवाश्म यांवर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात आला. हंटर पुढे मायदेशी परतला आणि त्याने एक भलामोठा ज्ञानकोशवजा इंग्रजी शब्दकोश संपादित केला. नागपूरच्या उन्हात दगड वेचणारा माणूस लंडनमध्ये शब्द वेचत बसला, याची मला फार गंमत वाटते.

त्या सप्टेंबरात हिस्लॉप टाकळघाटला गेला होता तो रिचर्ड टेंपलबरोबर. टेंपल नव्या मध्य प्रांताचा चीफ कमिशनर. आपला वर्धा जिल्हासुद्धा तेव्हा वर्षाचाच होता, १८६२ साली नागपुरातून वेगळा काढलेला. टाकळघाटला मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. आज आपण त्यांना शिळावर्तुळे म्हणतो, आणि ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या लोकांची थडगी आहेत हे जाणतो. १९६८ च्या सुमारास नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देवांनी टाकळघाट-खापा इथे रीतसर उत्खनन केले. विदर्भातल्या अशा थडग्यांत माणसाशेजारी घोडे पुरलेले सापडतात. हिस्लॉपच्या वेळी यातले काही माहीत नव्हते. तो पाहायला गेला, त्याने पाहिले. परतीच्या वेळी मंडळी पुढे निघाली आणि हा मागे राहिला. वर पाऊस झाला असावा, नाला भरून आला. मुक्कामावर घोडा एकटाच पोचला. खोगीर रिकामे पाहून लोक मशाली घेऊन धावले आणि त्यांना प्रेत सापडले.

माझा विषय खरे तर इथून सुरू होतो. माणूस गेला, घरी कागद राहिले. पाद्र्याच्या टेबलावरचे हस्तलिखित कागद पुढे कुठे जातात? बहुतेक वेळा कुठेच नाही. पावसाळा, वाळवी, बदलीच्या वेळचा पेटारा, नाहीतर बंब. हिस्लॉपचे कागद मात्र टेंपलने हाती घेतले, लावले, टिपा आणि प्रस्तावना लिहिली आणि १८६६ मध्ये मध्य प्रांतातल्या आदिवासींविषयीचे पुस्तक म्हणून छापले. त्याच वर्षी वर्धा शहर जिल्ह्याचे ठिकाण झाले, हा आपला एक योगायोग. त्या कागदांत गोंडांच्या लिंगोची गाथा होती. एका परधानाने ती म्हटली, हिस्लॉपने मूळ गोंडी बोल रोमन लिपीत उतरवले आणि सोबत इंग्रजी अर्थ दिला. जवळजवळ हजार ओळी. छापलेल्या रूपात ही गाथा जगापुढे आली ती तेव्हा. पुढे फोर्साइथने १८७१ च्या आपल्या पुस्तकात तिचे इंग्रजी पद्य केले. पण हिस्लॉपचा कागद भिजला असता तर पद्य कशाचे करणार?

एक गोष्ट मला कवी म्हणून टोचते. त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर दोन नावे आहेत, लिहिणाऱ्याचे आणि संपादकाचे. गाणाऱ्याचे तिथे नाही. आणि टेंपलला मी डोक्यावर घेऊन नाचतो असेही समजू नका. १८७७ च्या दुष्काळात मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरेल असा हिशेब मांडणारा टेंपल तो हाच. एकाच हाताने लिंगोचे कागद जपले आणि भुकेल्याच्या ताटातले धान्य मोजून कमी केले. माणसे अशी असतात. पुढे त्याचा मुलगा रिचर्ड कार्नॅक टेंपल हासुद्धा संपादक झाला. जेम्स बर्जेसने १८७२ मध्ये मुंबईत सुरू केलेले ‘इंडियन अँटिक्वरी’ या मुलाने १९३१ मध्ये मरेपर्यंत सांभाळले. आपले रामकृष्ण गोपाळ भांडारकर याच नियतकालिकात पहिल्या वर्षापासून लिहीत होते. अशा नियतकालिकाचा संपादक म्हणजे टपालाचा चौक असे. कुठल्या तालुक्यात ताम्रपट निघाला, कुणाला देवळात लेख दिसला, की पत्र संपादकाकडे. छापून आले ते आपण वाचतो. न छापलेले, शंकेचे, भांडणाचे, उताविळीचे पत्र वेगळेच काही सांगते.

इंग्लंडात ही पत्रे जमवण्याचा नाद फार जुना. ‘जंटलमन्स मॅगेझिन’चा संपादक जॉन निकल्स स्वतः मुद्रक आणि लेस्टरशर परगण्याचा इतिहासकार. देशभरचे पुराणवस्तूप्रेमी त्याला पत्रे लिहीत. १८०८ मध्ये त्याच्या छापखान्याला आणि गोदामाला आग लागली, तरी पत्रांचा डोंगर उरलाच. १८२६ मध्ये तो गेल्यावर मुलानातवांनी ती जपली, मग लिलावात पत्रे फुटली, आणि आज ती जगभरच्या ग्रंथालयांत आणि खाजगी संग्रहांत विखुरलेली आहेत. यारमथचा डॉसन टर्नर नावाचा एक सावकार होता, पेढी सांभाळून त्याने सुमारे चाळीस हजार पत्रे जमवली. १८५९ मध्ये तीही हातोड्याखाली गेली. जमवणारा एकत्र करतो आणि वारस पांगवतात, हा या छंदाचा नेमच दिसतो.

मी काही टर्नर नव्हे. बी.ए. झालो, नोकरी केली, कविता लिहिल्या. माझा संग्रह एका ट्रंकेत मावतो. सुरुवात झाली रद्दीच्या दुकानात. दुकानदाराने जुन्या इंग्रजी पत्रांचे एक गाठोडे पुढे सरकवले आणि विचारले, “काका, हे तं वाचता बी येत नाई. काहाले नेता?” मी म्हटले, “वाचता येत नाही म्हणूनच.” त्याने वजनावर दिले. आत कुणी नामांकित निघाला नाही, कापसाच्या व्यवहारातली पत्रे होती. हिंगणघाटच्या कापसाचे नाव तेव्हा इंग्लंडपर्यंत होते, सरकारने कापसासाठी रिव्हेट-कार्नॅक हा खास कमिशनर नेमला होता. तो गृहस्थही नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे उकरण्यात रमला. कापूस आणि थडगी! साहेब लोकांना दिवस मोठा मिळत असावा.

त्या गाठोड्याने मला पत्र हातात धरायला शिकवले. कागद उजेडासमोर धरला की आतला जलछाप दिसतो, त्यात कधी गिरणीचे नाव, कधी वर्ष. पत्रावरच्या तारखेपेक्षा जलछापाचे वर्ष पुढचे निघाले तर समजावे, नक्कल आहे. शाई मायफळ आणि हिराकसाची असते. ती लिहिताना काळी, नंतर तपकिरी होते आणि शेवटी कागद खाते, उलट बाजूने अक्षराच्या आकाराची चीर दिसते. १८५४ पर्यंत टपालहशील अंतरावर आणि वजनावर होते, म्हणून लोक पान आडवे लिहून झाले की तेच पान फिरवून उभे लिहीत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अर्ध्या आण्याचे तिकीट आले. पाव तोळ्यापर्यंतचे पत्र देशात कुठेही त्या पैशात जाऊ लागले. त्यानंतर साहेब लोकांचे अक्षर सैल झाले असे माझे मत आहे. पुरावा मागू नका.

चूकही माझ्याच हातून झाली. माझ्या काव्यगुरूंची काही पत्रे होती, माझ्या पहिल्या कवितांवर लाल शाईने केलेल्या दुरुस्त्यांसकट. घड्यांवर फाटू लागली म्हणून मी मोठ्या काळजीने पारदर्शक चिकटपट्ट्या लावल्या. पंधरा वर्षांनी ट्रंक उघडली तेव्हा पट्ट्या वाळून गळून पडल्या होत्या, आणि जाताना अक्षरे घेऊन गेल्या होत्या. डिंकाचे पिवळे पट्टे उरले. वाळवीला दोष देता आला असता तर बरे झाले असते. आता मी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ वापरतो, क्रमांक शिसपेन्सिलीने घालतो, प्लॅस्टिकला शिवत नाही.

कुणी म्हणेल, गांधीजींच्या जिल्ह्यात राहून तुम्ही इंग्रजांची पत्रे का शोधता? बापूंच्या पत्रांना वाली होता. शंभर खंड छापले गेले. आणि त्या कामाचा एक धागा आपल्या टपालाशीही आहे. बापू १९३६ मध्ये सेगावला राहायला आले आणि त्यांची पत्रे बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली. त्या घोटाळ्यातून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. हिस्लॉपच्या पत्रांना असा वाली एकदाच मिळाला. ‘फ्रेंड ऑफ इंडिया’चे संपादक राहिलेले जॉर्ज स्मिथ यांनी १८८८ मध्ये त्याचे चरित्र लिहिले. मिशनचे जुने दप्तर आता एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्याच्या हातचे एक पत्र आपल्याकडे असावे ही माझी हौस पुरी होण्यासारखी नाही. लिलावातले भाव मी वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो.

लहानपणी अब्बा मला गिरडच्या उरुसाला नेत. शेख फरीदबाबांच्या टेकडीवर गोल, सुपारीएवढे, नारळाएवढे गोटे पडलेले असत. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, असे अब्बा सांगत. पुढे मध्य प्रांताच्या जुन्या गॅझेटियरमध्ये मला तीच कथा सापडली, शेजारी त्या दगडांचे खनिजशास्त्रीय नाव झिओलाइट दिलेले. अब्बा तेव्हा हयात होते. मी वाचून दाखवले. ते म्हणाले, “साहेबानं लिहून ठेवलं, बरं केलं. सांगितलं कोणी होतं?”

गेल्या पावसाळ्यात एका मित्राला घेऊन टाकळघाटला गेलो. आभाळ भरलेले, वाट चिखलाची. गुरे राखणारा एक म्हातारा भेटला. त्याला विचारले, फार पूर्वी इकडच्या नाल्यात एक गोरा साहेब बुडाला होता, कधी कानावर आले काय? त्याने काठी चिखलात रोवली, आमच्या चपलांकडे पाहिले आणि म्हणाला, “साहेबाचं माहीत नाई जी. बुडतेच इथं कोनी ना कोनी. तुमी आधी निघा, वरती पानी पडून रायलं.”

आम्ही निघालो. टाकळघाटचे धोंडे पाहायचे राहिलेच.