रायगडावरील पाणी

हिरकणीवाडीहून १९९६ सालापासून रोपवेच्या पाळण्यांत बसून रायगडीं जातां येतें. चढणीचा दम लागत नाहीं, तहानहि लागत नाहीं. म्हणूनच कीं काय, गंगासागर हल्लीं केवळ शोभेचा वाटतो. आम्हांस मात्र राजधानीचें मर्म तेथेंच दिसतें. हिरकणीची कथा रम्य खरी; पण जगदीश्वराच्या देवळांतील शिलालेखांत हिरोजी इंदुलकरांनीं वाड्यांबरोबर विहिरी व तलावहि नोंदविले आहेत. सुमारें २७०० फुटांवर नदी कोठली? बांधकामासाठीं कातळ फोडावा आणि त्याच खळग्यांत पावसाळा सांठवावा, अशी ती युक्ति. १६७४ च्या राज्याभिषेकाचें तीर्थ यांत मिळालें, म्हणून हें नांव, असें सांगतात. १८१८ त इंग्रजांच्या तोफांनीं वाडे जळाले, तळें राहिलें. गळतीमुळें कोरडा पडणारा हत्ती तलावहि दुरुस्तीनंतर २०२० च्या पावसांत भरला.