गोलंदाजाचा नेम : परंड्याच्या बुरुजापासून माऊसपर्यंत

परंड्याच्या किल्ल्यावरच्या व्याख्यानात कॉम्प्युटर गेमचा माऊस कुठून आला, असं काहींना वाटेल. जरा दम धरा.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या या किल्ल्यात एकेकाळी मलिक-ए-मैदान तोफ होती. 1549 मध्ये अहमदनगरला महंमद बिन हुसेन रूमी याने ती ओतली. वजन सुमारे 55 टन. 1632 मध्ये मुरार जगदेवाने ती परंड्याहून विजापूरला नेली, आणि आजही ती तिथेच बुरुजावर आहे.

आता अशी तोफ वळवायची म्हणजे काय, याचा विचार करा. डोळ्याला शत्रू दिसणं आणि तोफेचं तोंड तिकडे जाणं, यात केवढा वेळ जात असेल! गोलंदाज तोफेच्या बुडाखाली पाचर सरकवून तोंड वर-खाली करी, दारूचं माप बदली, पहिला गोळा कुठे पडला ते पाहून दुसऱ्याचा अंदाज बांधी. (गोलंदाज हा शब्द मुळात तोफखान्यातला बरं का, क्रिकेटने तो नंतर उचलला.) 1565 च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफांतून तांब्याची नाणी डागल्याचं वर्णन येतं. म्हणजे एका ठिकाणी नेम साधत बसायचंच नाही, मारा पसरवून टाकायचा.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून आम्हाला यात एक प्रश्न दिसतो. हाताने किती हालचाल केली की नेम किती फिरावा? परंड्याच्या बुरुजावर हे प्रमाण तोफेचं वजन ठरवत होतं. गोलंदाजाला त्यात फारशी निवड नव्हती.

ही निवड आली ती माऊसमुळे. डग्लस एंगेलबार्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशने 1964 मध्ये पहिला माऊस बनवला, 9 डिसेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोत तो लोकांना दाखवला. तेव्हा नेमबाजीचं नावही नव्हतं. 1993 च्या डूममध्येही बरेच जण नुसत्या कीबोर्डवर खेळत. 1996 मध्ये क्वेक आला, माऊसने चहूकडे पाहता येऊ लागलं. पुढच्याच वर्षी डेनिस फॉंग या खेळाडूने क्वेकच्या स्पर्धेत खुद्द जॉन कार्मॅकची फेरारी जिंकली, आणि कीबोर्डवर डावा हात, माऊसवर उजवा, ही त्याची पद्धत सगळीकडे पसरली.

आता हिशेब बघा. माऊस 400 डीपीआयचा असेल तर एक इंच सरकवल्यावर 400 नोंदी होतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये सेन्सिटिव्हिटी 1 असेल तर एका नोंदीला नजर 0.022 अंश फिरते. 2 असेल तर 0.044. पूर्ण गिरकीला सुमारे 8,180 नोंदी, म्हणजे साडेवीस इंच, साधारण 52 सेंटीमीटर. 800 डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी 1 ठेवली तरी अंतर तेच. व्हॅलोरंटमध्ये हाच आकडा एका नोंदीला 0.07 अंश आहे, म्हणून काउंटर-स्ट्राइकची सेन्सिटिव्हिटी तिथे सुमारे 3.18 ने भागावी लागते.

आमची तक्रार इथे आहे. आपल्याकडची पोरं कुणा नामांकित खेळाडूचा आकडा उचलतात. त्याच्यापुढे हातभर रुंद मॅट असते, तो कोपरापासून हात फिरवतो. आपल्या पोराचा माऊस अभ्यासाच्या टेबलावर, वह्यांच्या शेजारी, वीतभर जागेत. गिरकी पूर्ण होण्याआधीच माऊस वहीला अडतो. मग पोरगं म्हणतं, माझ्या हातातच नाही. असं म्हणून किती जणांनी सोडून दिलं असेल! अरे बाबा, आधी जागा मोज. मग आकडा ठरव, आणि दोन-तीन आठवडे त्याला हात लावू नकोस. रोज पाचर बदलणाऱ्या गोलंदाजाला पहिल्या गोळ्यावरून दुसऱ्याचा अंदाज कसा येणार? विंडोजमधलं पॉइंटर प्रिसिजन वाढवणारं बटणही बंद कर. ते चालू असलं की वेग वाढल्यावर तेवढ्याच इंचाला जास्त अंतर जातं, म्हणजे हाताला सवय लागायला स्थिर काही उरतच नाही.

तोफेपुढे माणसं मरत होती, गेममध्ये कुणी मरत नाही. आमची तुलना नेमाच्या तंत्रापुरतीच आहे, लढाईची हौस वाढवायला नाही.

नळदुर्गच्या उपळी बुरुजावरच्या तोफांबद्दल पुढच्या वेळी बोलू. आता प्रश्न घेऊ.