बिडुम

परवा ब्राझीलमधल्या तुपी भाषाकुळाबद्दल वाचत होतो. त्याच्या काही शाखांमध्ये आता मोजकेच बोलणारे उरलेत. वाचून हळहळलो. मग वाटलं, नाशिकमध्ये बसून ब्राझीलसाठी हळहळणं सोपं आहे. आपल्या निहालीचं काय?

निहाली म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुक्यात बोलली जाणारी भाषा. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. त्या तुपी शाखांना निदान भाऊबंद तरी आहेत, हिला कुणीच नाही! ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीत, १९०६ च्या खंडात, स्टेन कोनोव यांनी तिला कोरकूच्या मागोमाग मुंडा कुळात बसवलं होतं. पण १९६२ मध्ये कायपर या डच अभ्यासकाने शब्द तपासले, तर जवळजवळ चतुर्थांश शब्द आसपासच्या कुठल्याच भाषेशी जुळेनात.

गंमत आकड्यांची आहे. एक म्हणजे बिडुम. दोन, तीन, चार म्हणजे इरार, मोथो, नालो. कानडी येणाऱ्याला लगेच ओळखीचे वाटतील, कारण ते द्राविडी भाषांतून आलेत. पाचापासून पुढे आपल्याच वळणाचे. म्हणजे नुसतं मोजायला लागलं तरी कुणाकुणाच्या शेजारात दिवस काढले ते कळतं.

हे शेजारपण बरोबरीचं नव्हतं. निहाल लोक कोरकूंच्या शेतांवर राबायचे, मालकाची भाषा शिकायचे. मालकाने यांची शिकायचं काही कारण नव्हतं. त्यात आपली जनगणना! १९७१ पासून दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांच्या भाषेचं नावच तक्त्यात छापत नाहीत. निहाली त्या रेषेच्या कितीतरी खाली.

आशा मुंडले यांचा निहाली शब्दसंग्रह १९९६ मध्ये छापून आला, नागराज यांचं पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने २०१४ मध्ये काढलं. म्हणजे शब्द कागदावर तरी आलेत. घरातलं पोर ते बोलणार का, हा वेगळा प्रश्न.

असो. निहालीबद्दल एवढ्या तावातावाने लिहिताना शाळेतला एक मित्र आठवला. सुरगाण्याचा, घरी कोकणा बोलणारा. त्याचा एखादा शब्द निसटला की आम्ही 'अशुद्ध, अशुद्ध' म्हणून हसायचो. दिवाळीनंतर तो वर्गात फारसा बोलेनासा झाला. तीन वर्षं एका बाकावर बसलो आम्ही. त्याच्या घरी दहापर्यंत कसं मोजतात, हे मी त्याला एकदाही विचारलं नाही.