वऱ्हाडांतील व्यसनोपचाराचीं साधनें आणि उपचारस्थानांची परीक्षा

वऱ्हाडच्या इतिहासाच्या अभ्यासकांस सनदा, महजर, वतनाचे कागद आणि मठांतील पोथ्या ह्यांची उणीव नाहीं. नांदगांव खंडेश्वरासारख्या गांवीं, जेथें हेमाडपंती धाटणीचें खंडेश्वराचें देवालय उभें आहे, तेथें जिज्ञासूचे पाय आपोआप शिलेकडे व पोथीकडेच वळतात. परंतु एका विषयाचीं साधनें जमविण्याकडे आपल्या मंडळींचें लक्ष अद्याप गेलेलें दिसत नाहीं. दारू, अफू, गांजा इत्यादिकांच्या पाशांत सांपडलेल्या मनुष्यास सोडविण्यासाठीं आपल्या प्रांतानें वेळोवेळीं कोणते उपाय योजिले, हा तो विषय होय.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाहीं. केंद्र सरकारच्या विद्यमानें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केलेली देशव्यापी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें आढळलें कीं, दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या ३८ मनुष्यांपैकीं एकास कोणता तरी उपचार मिळतो. आणि १८० पैकीं एकासच रुग्णालयांत राहून तो मिळतो. मिळालेली ही एक संधि वायां गेल्यास दुसरी मिळेलच असें नाहीं. म्हणून उपचाराचें स्थान निवडणें हें घरच्या मंडळींचें मोठें जोखमीचें काम आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, संशोधक जुन्या लेखाची जी परीक्षा करितो, तीच परीक्षा येथें उपयोगी पडते: लेख कोणाचा, केव्हांचा, कोणत्या अधिकारानें लिहिलेला, आणि त्यास दुसरा आधार काय. ह्या दृष्टीनें जुन्या साधनांचा परामर्श प्रथम घेऊं.

शास्त्रग्रंथांतील आधार

‘व्यसन’ हा शब्द वि उपसर्गपूर्वक अस् (फेंकणें) ह्या धातूपासून निघाला आहे. मनुष्यास श्रेयापासून दूर फेंकतें तें व्यसन, अशी त्याची फोड कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणांत दिली आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजाचीं अठरा व्यसनें गणिलीं असून त्यांपैकीं कामज अशा दहांत मद्यपानाचा समावेश आहे. येथवर व्यसन हा नीतीचा व राजधर्माचा विषय आहे.

वैद्यकग्रंथांत मात्र दृष्टि पालटते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा चोविसावा अध्याय मदात्ययाच्या, म्हणजे मद्यापासून होणाऱ्या रोगाच्या, चिकित्सेस वाहिलेला आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत पानात्ययाचा स्वतंत्र अध्याय आहे. ह्या आचार्यांनीं मद्यप्यास पापी म्हणून दूर लोटलें नाहीं. रोगी म्हणून त्याचीं लक्षणें तपासलीं. मद्य सोडून राहिलेला मनुष्य एकाएकीं पुन्हां अतिपान करूं लागल्यास त्यास ध्वंसक व विक्षय हे विकार होतात, असें चरकानें सांगितलें आहे. व्यसन सुटल्यावर तें पुन्हां जडूं शकतें आणि पुन्हां जडलेलें अधिक घातक होतें, हें निरीक्षण इतकें जुनें आहे. अंगवळणीं पडलेलें अपथ्य एकदम न टाकतां पावापावानें टाकावें, असा सर्वसामान्य नियम वाग्भटानेंहि अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत दिला आहे.

आधुनिक वैद्यकाचा अनुभव ह्याशीं जुळतो. वर्षानुवर्षें रोज पुष्कळ पिणाऱ्यानें दारू एकाएकीं बंद केली, तर पहिल्या कांहीं दिवसांत हातापायांस कंप, झटके, भ्रम व वात ह्यांचा उद्भव होऊं शकतो, आणि प्रसंगीं प्राणहि जातो. त्यासाठीं डॉक्टर दारूच्या जागीं दुसरें शामक औषध देऊन तें क्रमाक्रमानें कमी करितात. मनुष्यास खोलींत कोंडून ‘आपोआप उतरेल’ म्हणणें हें शास्त्रास व अनुभवास दोहोंसहि सोडून आहे.

दप्तराची एक शिकवण

इंग्रजी अमदानींतील साधनांपैकीं एकाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. गांजा, चरस व भांग ह्यांच्या चौकशीसाठीं १८९३ सालीं सरकारनें एक कमिशन नेमलें. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. वऱ्हाड प्रांतहि ह्या चौकशीच्या कक्षेंत होता. कमिशननें १,१९३ साक्षी तपासल्या व १८९४ सालीं आपला अहवाल सादर केला.

त्या काळीं वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक तक्त्यांत वेडाचें कारण म्हणून गांजाचें नांव वारंवार येई, व त्यावरून गांजानें इतके लोक वेडे होतात असें सर्वत्र मानलें जाई. कमिशननें १८९२ सालच्या अशा २२२ नोंदी घेऊन प्रत्येकीचा मागोवा घेतला. तेव्हां असें दिसून आलें कीं, कारणाचा रकाना पुष्कळदां पोलिसानें ऐकीव माहितीवरून भरलेला असे. दुसरें कारण सांपडलें नाहीं म्हणजे ‘गांजा’ असें लिहून मोकळे होत. छाननीअंतीं २२२ पैकीं ९८ नोंदीच गांजाशीं संबंध असल्याच्या म्हणून टिकल्या.

आमच्या मतें ह्या अहवालाचें खरें महत्त्व येथें आहे. छापील तक्ता हा पुरावा नव्हे. तक्ता कोणीं, कशावरून भरला हें कळल्यावरच त्याचें मोल ठरतें. आज एखादें केंद्र ‘शेंकडा नव्वद बरे झाले’ असें छापतें, तेव्हां हीच कसोटी तेथेंहि लावावी.

वऱ्हाडचे लोकशिक्षक

सरकारी दप्तराच्या बाहेर वऱ्हाडांत ह्या विषयाचा फार मोठा ठेवा आहे, आणि तो मुख्यतः मौखिक आहे. श्रीगाडगेमहाराज ह्यांचा जन्म १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांत झाला. वडील झिंगराजी दारूच्या पायीं खंगले व अकालीं वारले. लहानगा डेबूजी आईसह मूर्तिजापुराकडील दापुरें येथें मामाच्या घरीं वाढला. पुढें आपल्या अपत्याच्या बारशास ज्ञातीच्या रिवाजाप्रमाणें मद्यमांस न वाढतां त्यानें गोडाचें जेवण घातलें, ही हकीकत चरित्रकार सांगतात. १९०५ सालीं गृहत्याग केल्यावर १९५६ सालीं देह ठेवीपर्यंत त्यांनीं कीर्तनांतून दारूवर जो प्रहार केला, त्याच्या मुळाशीं स्वतःच्या घराची झालेली धूळधाण होती.

श्रीतुकडोजीमहाराजांनीं (१९०९ ते १९६८) १९३५ सालीं मोझरी येथें गुरुकुंज आश्रम स्थापिला, व सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरीवरील भजन ह्यांच्या योगें गांवोगांव व्यसनत्यागाचा प्रचार केला. त्याच १९३५ सालीं अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं दोन मद्यपी एकमेकांच्या आधारानें दारू सोडते झाले, व त्यांतून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही मंडळी निघाली; ती १९५७ सालीं आपल्या देशांत आली. मोझरीचा व ॲक्रनचा कांहींहि संबंध नव्हता. तथापि एकट्यानें न सुटणारी गोष्ट समुदायांत सुटते, हें तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

कीर्तनानें निश्चय उत्पन्न होतो. पण निश्चय झालेल्या मनुष्याचा कंप कीर्तनानें थांबत नाहीं. तेथें वैद्यच लागतो. प्रबोधन व चिकित्सा हीं एकमेकांचीं पूरकें आहेत, परंतु एकानें दुसऱ्याची जागा भरून निघत नाहीं.

कायदा व उपचारगृह

कायद्याचा इतिहास थोडक्यांत असा: मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारनें १९३८ सालीं दारूबंदीचा कायदा केला. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. वऱ्हाड १९५६ सालीं त्या राज्यांत आल्यावर १९५९ सालीं तो इकडेहि लागू करण्यांत आला. गडचिरोली जिल्ह्यांत लोकांच्या चळवळीमुळें १९९३ सालीं दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यांत ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठविण्यांत आली. बंदीच्या जोडीस उपचार लागतो, हें गडचिरोलीच्या अनुभवावरून दिसतें. तेथें २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ ह्या उपक्रमांत गांवचें संघटन व तालुक्याच्या ठिकाणीं उपचार हीं दोन्ही हातीं घेण्यांत आलीं.

उपचारगृहांच्या इतिहासांत पुण्याच्या ‘मुक्तांगण’चें स्थान मोठें आहे. गर्द ह्या नांवानें ओळखलें जाणारें विष शहरांतील तरुणांत पसरूं लागलें, तेव्हां श्री. अनिल अवचट ह्यांनीं त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून श्री. पु. ल. देशपांडे व सौ. सुनीताबाई ह्यांनीं एक लाख रुपयांची देणगी दिली, आणि डॉ. अनिता अवचट ह्यांनीं २९ ऑगस्ट १९८६ रोजीं येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत हें केंद्र सुरू केलें. औषधाबरोबर समुपदेशन, व्यसनांतून बाहेर पडलेल्यांनीं नवागतांस दिलेला हात, आणि कुटुंबीयांचा सहभाग ही तेथील पद्धति पुढें अनेकांनीं स्वीकारली.

परीक्षेचीं प्रमाणें

नांदगांवच्या एखाद्या कुटुंबापुढें आज कोणते मार्ग आहेत? जवळ अमरावतीचें जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्यास लोक अद्यापि इर्विन म्हणतात; त्यापुढें अकोला व यवतमाळ येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें, सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय, आणि नागपूरचें प्रादेशिक मनोरुग्णालय. ह्यांशिवाय सरकारी अनुदानावर चालणारीं व खाजगी अशीं केंद्रें आहेत. केंद्र सरकारच्या १४४४६ ह्या क्रमांकावर व्यसनमुक्तीविषयीं, व १४४१६ ह्या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयीं विनामूल्य सल्ला मिळतो. प्रत्येकास मुक्कामाचा उपचार लागतोच असें नाहीं. कित्येकांचें काम बाह्यरुग्ण विभागांतील औषधानें व समुपदेशनानें होतें.

अध्यापनाचें काम संपल्यावरहि जुने विद्यार्थी आमच्याकडे येतात. त्यांपैकीं एकानें तीन केंद्रांचीं जाहिरातपत्रकें आणून, कोणतें खरें, असें विचारलें. तिन्ही पत्रकांत हमी होती. डॉक्टरचें नांव एकातहि नव्हतें. त्यास आम्हीं जीं प्रमाणें सांगितलीं तीं येणेंप्रमाणें:

पहिलें प्रमाण नोंदणीचें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मद्य व मादक द्रव्यें ह्यांच्या दुरुपयोगापासूनचे विकार मानसिक आजारांत धरिले असून, असे रुग्ण ठेवून उपचार करणाऱ्या संस्थेस राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक केली आहे. संस्थेच्या विश्वस्त नोंदणीचा कागद म्हणजे ही नोंदणी नव्हे. शिक्का आहे एवढ्यावर आपण सनद खरी मानीत नाहीं. शिक्का कोणाचा हें पाहतों.

दुसरें प्रमाण अधिकाऱ्याचें. मनोविकारतज्ज्ञ कोण, ते आठवड्यांतून किती वेळां येतात, रात्रीं झटका आल्यास कोणास बोलावितात, हें नांवानिशीं विचारावें.

तिसरें प्रमाण प्रवेशाच्या रीतीचें. रात्रीं गाडी पाठवून मनुष्यास उचलून नेऊं, असें जें केंद्र सांगतें तें टाळावें. रुग्णाच्या संमतीवांचून प्रवेश देण्यास कायद्यानें तपासणीच्या व मुदतीच्या अटी घातल्या आहेत. साखळीनें बांधणें व एकांतांत कोंडणें ह्यांस सक्त मनाई आहे. तामिळनाडूंतील एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ रोजीं आग लागली, तेव्हां साखळ्यांनीं बांधलेल्या मनोरुग्णांस पळतां आलें नाहीं व २८ जण दगावले. कुटुंबीयांस भेटूं न देणाऱ्या केंद्राविषयीं हें स्मरण ठेवावें.

चौथें प्रमाण औषधाचें. ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती आपण नेहमीं पाहतों. डायसल्फिराम नांवाच्या औषधाचा मद्यावरील गुण कोपनहेगन येथील संशोधकांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केला. तें घेतलेल्या मनुष्यानें दारू प्याल्यास छातींत धडधड, वांति व रक्तदाबाचा ऱ्हास होऊन जीव धोक्यांत येऊं शकतो. असें औषध रुग्णास सांगून, त्याच्या संमतीनें व डॉक्टरच्या देखरेखीखालीं द्यावयाचें असतें. जेवणांत चोरून कालवावयाचें नसतें.

पांचवें प्रमाण यशाच्या आंकड्याचें. शंभरांपैकीं किती बरे झाले हें सांगणाऱ्यास विचारावें: कोणते शंभर? मध्येंच निघून गेलेले त्यांत धरिले काय? किती महिन्यांनीं विचारपूस केली? आणि उत्तर कोणीं दिलें? व्यसन पुन्हां उद्भवणें हा ह्या रोगाचा धर्म आहे. म्हणून हमी देणाऱ्यापेक्षां, पुन्हां प्यायल्यास काय कराल ह्याचें उत्तर देणारा अधिक विश्वसनीय समजावा.

सहावें प्रमाण अनुबंधाचें. मुक्काम संपल्यावर फेरतपासणी केव्हां, घरच्यांची बैठक होते काय, जवळपास सहाय्यगट भरतो काय, आणि एकंदर खर्च किती, हें लेखी घ्यावें. दूरच्या नामांकित केंद्रापेक्षां, जेथें महिन्यास एकदां एस्. टी. नें जाऊन येतां येतें तें साधें सरकारी रुग्णालय कित्येकदां अधिक फलदायी होतें.

संग्राहकांस विनंती

आमच्या संग्राहक बंधूंस विनंती अशी कीं, गाडगेमहाराजांच्या कीर्तनाचीं हस्तपत्रकें, गुरुदेव सेवामंडळाच्या शाखांचीं टिपणें, ग्रामसभांचे दारूबंदीचे ठराव, आबकारी लिलावाचे कागद, आणि आजच्या केंद्रांचीं जाहिरातपत्रकेंहि, जीं रद्दींत जात आहेत, तीं जपून ठेवावीं. पत्रकावर मिळाल्याची तारीख व स्थळ तेवढें टिपावें. रुग्णांचीं नांवें मात्र उतरून घेऊं नयेत. तीं घरांचीं दुःखें आहेत, इतिहासाचीं साधनें नव्हेत. हा संग्रह पन्नास वर्षांनीं संशोधकाच्या कामीं येईलच. पण त्याआधीं, तालुक्याच्या गांवीं दोन पत्रकें हातांत घेऊन बसलेल्या एखाद्या बापास, त्यांपैकीं कोणतें किती वर्षें तेंच वचन छापीत आलें आहे हें दाखवितां येईल. आणि तेवढ्यानेंहि एखादें घर वांचण्यास साह्य होईल.