पॅकार्डचा एसी आणि बेल्ट

जुन्या गाडीतला एसी काढायचा म्हटलं, की गाडं बेल्टपाशी अडतं. ही कटकट गाडीतल्या एसीइतकीच जुनी!

अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलला एसीचा पर्याय दिला. किंमत २७४ डॉलर. कूलिंग कॉइल मागे, त्यातच निम्मी डिकी गेली. गंमत म्हणजे कॉम्प्रेसरला क्लचच नाही. इंजिन चालू तोवर तोही चालू. आतून बंद व्हायचा तो फक्त पंखा. मग हिवाळ्यात काय? गाडी थांबवा, बॉनेट उघडा, बेल्ट उतरवा. (एवढे डॉलर मोजणारे स्वतः हात काळे करत असतील असं वाटत नाही.) १९४१ नंतर पॅकार्डने हे प्रकरण गुंडाळलं.

पुढे मॅग्नेटिक क्लच आला आणि बेल्ट न उतरवता कॉम्प्रेसर थांबवता येऊ लागला. पण आता बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर अल्टरनेटरही फिरतो. कॉम्प्रेसर काढला की छोटा बेल्ट शोधा, नाहीतर त्या जागी नुसती पुली बसवा.

आणि गॅस? पॅकार्डमधला फ्रिऑन-१२ ओझोनचा थर खातो, हा इशारा मिळायला १९७४ उजाडलं. नंतरचा आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण पृथ्वी तापवतो. त्यामुळे पाइप सोडण्याआधी गॅस मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही.