पाहुण्या पक्ष्यांवरचा आळ

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ रानालगतच्या गावांतील माणसेही तापाने दगावली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने या रोगाचा विषाणू शोधून काढला. रशियात गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते निघाले. तेव्हा उत्तरेकडून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांनीच ही व्याधी आणली असावी, असा तर्क पुढे आला.

तो पडताळण्यासाठी १९५९ पासून डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्षी पकडून, त्यांच्या पायांत क्रमांकित कडी घालून सोडण्यास प्रारंभ केला. त्यांच्या अंगावरील गोचिड्याही गोळा करण्यात आल्या. पुढील संशोधनात या तर्काला पुष्टी मिळाली नाही. विषाणूचा वास आपल्याच रानातील गोचिड्यांत आणि लहान सस्तन प्राण्यांत होता. जंगलतोडीमुळे मनुष्य त्याच्या अधिक निकट गेला. पक्ष्यांच्या प्रवासमार्गांची माहिती मात्र या कड्यांमुळेच हाती आली.

२०१५ साली हा ताप गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ साली सिंधुदुर्गात पोहोचला. म्हणजे प्रश्न आपल्या दाराशी आहे. २००६ साली नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला, तेव्हाही संशय स्थलांतरित पक्ष्यांवर घेतला गेला. बर्ड फ्लूचा विषाणू रानपक्षी वाहून नेऊ शकतात, हे सत्य आहे; परंतु प्रत्येक साथीत आळ खरा की खोटा, याचा निवाडा वर्षानुवर्षे चिकाटीने ठेवलेल्या नोंदीच करू शकतात. साथ ओसरली की ते काम थांबवणे परवडणारे नाही.