वाळूतील मोहरी आणि तूर्नफोर

मोहरीचा दाणा म्हटला की आपल्या उपदेशपीठावर मत्तयकृत शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडला जातो. बहुतेक विद्वानांच्या मते ती काळी मोहरी होय. आम्ही येथे तिच्या रानटी भावंडाची हकीकत सांगत आहोत. भूमध्य समुद्रकाठची वाळू आणि नेगेवपासून उत्तर आफ्रिकेपर्यंतची वाळवंटे ही तिची मायभूमी. हिवाळी पावसाबरोबर ती उगवते, फिकट पिवळी, बारीक फुले धरते आणि उन्हे तापण्यापूर्वी वाळून जाते.

१७७३ साली माँपेल्ये येथील आंत्वान गुआं यांनी तिचे नाव 'ब्रासिका तूर्नफोर्ती' असे ठेवले. ज्यांच्या स्मरणार्थ हे नाव दिले, ते जोझेफ पितों द तूर्नफोर (१६५६–१७०८) येशूसंघीयांच्या शाळेत शिकले. त्यांनी धर्मगुरू व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. १६७७ साली वडील निवर्तले आणि पुत्र वनस्पतींकडे वळला. प्रजाती ही कल्पना स्पष्ट रेखाटण्याचे श्रेय त्यांचेच. चौदाव्या लुई राजाच्या आज्ञेने १७०० साली ते पूर्वेकडे निघाले आणि १७०१ साली अरारातच्या उतारावर चढले. नोहाच्या तारवासाठी नव्हे, वनस्पतींसाठी! (उत्पत्तीच्या आठव्या अध्यायात मूळ हिब्रू शब्द 'अरारातचे पर्वत' असा अनेकवचनी आहे, हे आपण सहसा विसरतो.) पॅरिसमध्ये गाडीचा धक्का लागून त्यांचा अंत झाला.

या मोहरीचा पुढील प्रवास मात्र राजाज्ञेने झाला नाही. मध्यपूर्वेतून खजुराची रोपे कॅलिफोर्नियात नेली गेली, त्यांच्यासोबत ती तेथे पोहोचली असावी, असे मानतात. १९२७ साली कोचेला खोऱ्यात तिची नोंद झाली. तिचे बी ओले झाले की चिकट होते. जनावरांच्या अंगाला व वाहनांना लागून ते दूरवर जाते. इतर रोपांच्या आधी उगवून ती त्यांचे पाणी घेते, आणि वाळल्यावर वणव्याला इंधन पुरवते. तेथील मूळची रानफुले त्यामुळे मागे हटली.

मोहरी एकदा पेरली की त्या जागेतून ती काढणे कठीण, असे रोमचा प्लिनी पहिल्याच शतकात लिहून गेला. गालीलच्या शेतकऱ्यालाही हे ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते. आपले भाष्यकार मात्र लहानाचे मोठे झाले, एवढ्यावरच थांबतात. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात स्वयंसेवक ही रोपे बी धरण्यापूर्वी हातांनी उपटून काढतात.